पाला खाणाऱ्याचा दात

माझा धाकटा भाऊ धुळा लढाईवरून परत आला तेव्हा सेहेचाळीस साल होतं. बाकीच्यांनी ट्रंका आणल्या, ब्लँकेटं आणली. आमच्या शहाण्यानं आणला एक दात. मधल्या बोटाएवढा लांब, दगड झालेला. जत तालुक्यातल्या आमच्या वाडीत त्या दिवसापासून दुसरा विषय राहिला नाही.

आफ्रिकेत रस्ता खणताना त्यांच्या तुकडीला कोणे एके काळच्या अवाढव्य जनावराची, दगड झालेली हाडं सापडली होती. तिथल्या एका गोऱ्या कप्तानाला त्यातलं कळायचं. धुळा जातीचा धनगर, जनावराचं अंग ओळखणारा, म्हणून कप्तानानं त्याला महिनाभर हाताशी घेतलं. तिथून जे शिकून आला ते हा मेंढरं राखताना मला ऐकवायचा.

"आण्णा, चार जुपलेल्या गाड्या एकामागं एक लाव. तेवढं लांब जित्राब. निम्मी तर मानच. पण मानंची हाडं आतनं पोकळ, न्हाईतर उचलली नसती. पाय खांबावानी सरळ."

"आन खायाचं काय?"

"पाला. नुसता पाला. चावायला दाढाच न्हाईत त्याला. म्होरच्या दातानं ओरबाडायचं आन तसंच गिळायचं. मग पोटात दिवसंदिवस मुरत ऱ्हायाचं. म्हणून पोट लय थोरलं. दिसभर कळपानं खात हिंडायचं, आपल्या मेंढरांगत."

तो दात माझ्या हातावर ठेवायचा. दात बघून मेंढराचं वय सांगण्यात जतच्या बाजारात माझा हात धरणारा कोणी नव्हता. या दाताचं टोक तिरकं झिजलं होतं. मांस खाणाऱ्याचा दात असा झिजत नाही. भाऊ खरं बोलतोय हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मला सारवासारव करायला जागा नको.

पुढच्या वर्षी पावसानं ओढ दिली. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन कोमेजली. असली ज्वारी मेंढराला विष असते, हे धनगराला सांगावं लागत नाही. एका दुपारी धुळा कामानं जतला गेला होता आणि कळप एकट्या माझ्याकडं होता. माळावर गवताची काडी नव्हती. चार घास खाऊन काय होतंय, असं म्हणून मी कळप ज्वारीत घातला. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय. परत माळावर आणेपर्यंत मेंढरं पटापट कोसळायला लागली. एकोणीस गेली. वाडीला मी सांगितलं की माळावरच होती, एकाएकी पडली.

संध्याकाळी धुळा आला. म्हणाला, "एकीचं पोट फाडून बघू. काय खाल्लं ते पोटच सांगतंय."

पोटात ज्वारीच निघाली असती. मी म्हणालो, "रोगाची मेंढरं हायती. सुरी लावली तर रोग गावभर व्हईल." पंचांतले थोरले केरबातात्या यांना ते पटलं. मेंढरं तशीच पुरली. आणि मग कुणीतरी म्हणालं की राक्षसाचा दात गावात आणल्यावर असंच व्हणार. मी नाही म्हणालो नाही.

पंच बिरोबाच्या देवळात बसले. दात राक्षसाचा ठरला तर धुळानं बायकोला घेऊन गाव सोडायचं, असं ठरलं. दात मधे फडक्यावर ठेवला होता. जन्मभर मेंढरांचे दात बघितलेली माणसं, पण एकानंही वाकून बघितलं नाही.

धुळा म्हणाला, "आवं तात्या, माझं खोटं वाटतंय तर आण्णाला इचारा, दात पाला खाणाऱ्याचा का राक्षसाचा. दातातलं त्याच्याएवढं कुणाला कळतंय?"

केरबातात्यांनी मला भंडारा उचलायला लावला. मुठीत देवाची हळद घेऊन धनगर खोटं बोलत नाही. मीही बोललो नाही.

"असला दात मी आजवर कुठल्या मेंढराच्या तोंडात बघितला न्हाई," मी म्हणालो.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. बिरोबानं माझं काही वाकडं केलं नाही. धुळानं मात्र मान खाली घातली, ती पंच उठेपर्यंत वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. त्याची बायको सुलाबाई डोक्यावर गाठोडं घेऊन पुढं झाली, तिनं माझ्याकडं बघितलं नाही. धुळानं दात माझ्या हातात दिला.

"पुरायच्या आधी एका मेंढीचं तोंड उघडून बघितलं व्हतं मी, आण्णा. दातात ज्वारीचं पान व्हतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"भंडारा तुझ्या हातात व्हता. मला वाटलं, तू बोलशील."

तो कृष्णाकाठाकडं गेला. परत आला नाही, निरोपही नाही. त्याच्या वाटणीची मेंढरं माझ्याकडंच राहिली.

दात माझ्या कोनाड्यात आहे. आलेगेले पाहुणे विचारतात, राक्षसाचा दात म्हणतात तो हाच का. नाही म्हणालो तर ज्वारीचंही सांगावं लागेल. मी हो म्हणतो.