अल्बम, पाटी आणि खुर्च्यांच्या मालकीणबाई

बाबांचा अल्बम घराबाहेर निघायचा तो तान्ह्या बाळासारखा. अंगाला मऊ टॉवेल, टॉवेलावर कापडी पिशवी, पिशवीखाली बाबांचा हात. उभ्या जन्मात काढलेल्या फोटोंतले निवडक त्यात होते, जाड कागदावर मोठे करून छापलेले. कुणी पान उलटायला लागलं की बाबा आधी त्याची बोटं स्वच्छ आहेत का बघत, मग चेहरा.

लेकीचं सगळं काम टॅबलेटमध्ये. बाबा त्याला पाटी म्हणत. लेक अल्बमला तिजोरी म्हणे, कारण तो उचलला की तिचा खांदा निखळायचा.

दोघांचा स्टुडिओ एक आणि भांडणही एकच. गिऱ्हाइकापुढे ठेवायचं काय?

“बाबा, लोकांना वेळ नसतो. बोट फिरवलं की पुढचा फोटो.”

“तेच म्हणतोय मी. बोट फिरतं, नजर ठरत नाही. माश्या हाकलल्यासारखे बघतात.”

अलीकडे गिऱ्हाइकं दोघांनाही “कळवतो” म्हणून वाटेला लावत होती. शेवटी आईने निकाल दिला. खुर्च्यांच्या एका कारखान्याला कॅटलॉगसाठी फोटो हवे होते. तिथे दोन्ही न्या. ज्याच्यावर काम मिळेल ते यापुढे बाहेर जाईल, दुसऱ्याने घरी बसायचं.

“अल्बम घरी म्हणजे मीही घरी,” बाबा म्हणाले. “गिऱ्हाइकाकडे मग मी काय शोभेला जाऊ?”

“घरी भाजी निवडा. तीही शोभेल,” आई म्हणाली.

लेक हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी टॉवेलाची घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली.

कारखान्याच्या कचेरीत पॉलिशचा वास होता आणि दारातून लाकडाचा भुसा पाहुण्यासारखा आत-बाहेर करत होता. मालकीणबाईंच्या टेबलावर चष्म्याचे तुकडे मांडून ठेवले होते.

“सकाळी बसले त्याच्यावर,” त्या म्हणाल्या. “कारखानाभर खुर्च्या, पण मला नेमकी चष्मा ठेवलेली सापडली. तुम्ही दोघं मला आता डाग दिसताय. एक उंच डाग, एक कुरळा.”

“मग उद्या येऊ आम्ही,” कुरळा डाग, म्हणजे लेक, म्हणाली.

“उद्या नको. छापखानेवाला आजच विचारतोय, फोटो कोण काढणार. तुम्ही सांगा, मी ऐकते. ज्याला फोटोत काय आहे ते सांगता येतं, त्याला ते दिसलेलं असतं. आधी वडील.”

बाबांनी अल्बमचं पहिलं पान उघडलं. “हा बघा. म्हणजे ऐका. उजेड डावीकडून, खिडकीचा. उजवीकडे उजेड परतवायला पांढरा थर्माकोल. लेन्स लांबची, आणि…”

“हे तुम्ही काय केलंत ते झालं. फोटोत आहे काय?”

बाबांनी पानावर बोट ठेवलं. “किटली.”

“आणि?”

“झाकण.”

मालकीणबाईंनी मान लेकीच्या दिशेने वळवली. निदान तिला वाटलं तिच्या दिशेने.

“माझं सगळं विषयवार लावलेलं आहे,” लेक म्हणाली. “कुठलाही फोटो मोठा करता येतो. तुमच्या टीव्हीवरसुद्धा टाकता येईल.”

“टीव्ही मला आज भिंतीसारखाच. एक फोटो सांग.”

“ही न्हाव्याच्या दुकानातली खुर्ची. एकदम… क्लीन.”

“क्लीन म्हणजे पुसलेली?”

लेक उगाच बोटांनी फोटो मोठा-लहान करू लागली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. आता गप्प राहायचं, एवढंच काम होतं. पाटी पडली तर अल्बम वाचला. पण काही माणसांना गप्प राहायलाही तोंड लागतं, आणि बाबांचं त्यांच्या ताब्यात नव्हतं.

“पुसलेली कुठली,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक आत्ताच उठून गेलंय. गादीवरचा खळगा अजून भरून आलेला नाही. खुर्चीच्या हातावर पांढरा केस पडलाय. मागे न्हावी उभा आहे. त्याला जरा टेकायचंय, पण खुर्ची गिऱ्हाइकाची. दिवसभर दुसऱ्यांना बसवणारा माणूस हा, बाई. त्याचं सगळं उभं राहणं त्याच्या गुडघ्यांत उतरलंय, आणि पोरीने ते गुडघे सोडलेले नाहीत.”

लेक बघतच राहिली. “तुम्ही कधी पाहिलात हा? तुम्ही तर पाटीला हात लावत नाही.”

“तू आंघोळीला गेलीस की.”

“आणि पासवर्ड?”

“तुझ्या आईचा वाढदिवस. दरवर्षी विसरायचो, तुझ्यामुळे पाठ झाला.”

मालकीणबाई हनुवटीला हात लावून ऐकत होत्या. “चांगलं आहे. पण किटली अजून उपाशीच आहे.”

लेकीने अल्बम मांडीवर ओढला. बोटं तिने नकळत ओढणीला पुसली.

“झाकणाचं काय घेऊन बसलात, बाबा. किटलीचं पोट बघा. आरशासारखं लखलखीत. त्यात खिडकी वाकलीय, आणि खिडकीपाशी तिघं जण. बाबा काळं फडकं पांघरून लपलेत, पण खाली पाय दिसतात, चप्पल एकाच पायात. शेजारी थर्माकोलला पाय फुटलेत, ती मी. आणि मागे आई, कमरेवर हात. तिला चहा करायचाय आणि घरात किटली ही एकच. लहानपणी कागदाला नाक लावून शोधलं होतं मी हे. सगळं घर त्या किटलीत मावलंय.”

“मला वाटायचं कुणाला दिसत नाही,” बाबा हळूच म्हणाले.

“काढून टाकता आलं असतं की तुम्हाला.”

“येत होतं. नाही काढलं.”

मालकीणबाईंनी चाचपडत चष्म्याचे तुकडे एका बाजूला सारले.

“काम तुमचं,” मालकीणबाई म्हणाल्या. “एकच अट. दोघांनी यायचं. आपापलं दाखवताना दोघंही दगड आहात, एकमेकांचं सांगताना कुठे माणसात येता. एकटं कुणी आलं तर दारातूनच परत पाठवीन.” त्या उठल्या, टेबलाची कड धरून. “चला, जेवणाची वेळ झाली.”

पण बाबा खुर्चीत नीट मागे सरकून बसले होते. पाटी त्यांच्या मांडीवर होती आणि बोट सराईतासारखं फिरत होतं.

“बसा हो बाई, दोन मिनिटं. हा पुलावरचा राहिलाच. पोरीने काय धुकं धरलंय, ऐका…”