उजवीकडचे माप

मित्रांनो, रुग्णालयाच्या तळमजल्यावर, जिन्याशेजारच्या खोलीत उभे असलेले मी एक जुने यंत्र आहे. मला मॅमोग्राफीचे यंत्र म्हणतात. स्त्रियांच्या स्तनांचे फोटो काढून आत कर्करोगाची गाठ आहे का ते सांगणे, हे माझे काम. माझ्या पाट्यांमध्ये दाबले गेले की दुखते, म्हणून बायका माझ्यावर चिडतात. पण माझ्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. त्याचीच मला लाज वाटते.

एकदा कपडे शिवणाऱ्या मावशी आल्या. त्या प्रत्येकाच्या दोन्ही हातांचे वेगवेगळे माप घेत आणि गिऱ्हाइके त्यांना हसत. त्यांच्या डावीकडची गाठ मी चटकन दाखवली. उजवीकडे काही नाही, असेही ठोकून दिले. डॉक्टरीणबाईंनी माझे कौतुक केले आणि मी हुरळून गेले. खरे तर उजवीकडे मला सगळे पांढरेच दिसले होते, आणि गाठही पांढरीच दिसते. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा शोधावा तसे ते होते. पण तसे कबूल करायला माझी जीभ रेटली नाही.

शस्त्रक्रियेआधी एमआरआय, म्हणजे चुंबकाच्या यंत्राने फोटो काढून उजवी बाजूही पाहू, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हाताला सुई लावून त्या यंत्राच्या बोगद्यात अर्धा तास पालथे पडायचे, हे ऐकून मावशी अडून बसल्या. त्यांनी माझ्या पाटीवर हात ठेवला.

"हे सांगतंय ना, तिकडे काही नाही म्हणून? मग उगाच कशाला?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

माझे बटण दाबणाऱ्या ताई मावशींकडूनच कपडे शिवून घेत. त्यांनी हळूच विचारले, "मावशी, माझ्या दोन्ही हातांचं माप का घेता तुम्ही?"

"दोन्ही सारखे नसतात म्हणून," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्या पाटीवरचा हात काढून घेतला. मग उठून एमआरआयला गेल्या.

उजवीकडे मुगाएवढी गाठ सापडली. सुईने तुकडा काढून तपासला, तर तोही कर्करोगच निघाला. लवकर सापडला म्हणून एकाच शस्त्रक्रियेत दोन्हीकडचे काम उरकले. एमआरआयही काही सर्वज्ञ नाही, कधी कधी ते उगाच घाबरवते. पण माझी चूक त्याने निस्तरली.

वर्षाने मावशी तपासणीला आल्या. माझी फाटकी खोळ पाहून त्यांनी पिशवीतून टेप काढली आणि माझे माप घेतले, डावीकडून आणि उजवीकडूनही. आता रोज संध्याकाळी त्यांनी शिवून दिलेली नवी खोळ अंगावर आली, की मला तोंड लपवायला जागा मिळते.

मित्रांनो, तुमच्या आईला, आत्याला एवढे सांगा. डॉक्टर पुन्हा तपासू म्हणाले, तर माझ्या भरवशावर नकार देऊ नका. मला दिसत नाही म्हणजे ते नाहीच असे नसते, हे मी त्याच दिवशी बोलायला हवे होते.