आठ कोअर आणि एक कुलूप

बंदरात गलबत लागले की गेममधली हजार माणसे धक्क्याकडे धाव घेत, आणि नेमके त्याच क्षणी पडद्यावरचे चित्र अडखळत असे. दाढ काढून, जबडा धरून धाकटी कार्यालयात परतली, तेव्हा चित्रकार रंगोबा त्या गर्दीतली माणसे एकेक करून पुसत होता. मासेवाली गेली होती. हमाल निम्मे उरले होते.

"हे काय चाललंय?"

"दादांचा हुकूम, ताई. गर्दी काढायची. सकाळी बैठकीत म्हणाले, धाकटीला वाटणी जमली नाही."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. तुमची खुर्ची तेवढी रिकामी होती."

दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ आणि या लहानशा गेम कंपनीचा प्रमुख. वाटणी म्हणजे तिने वर्षभर चालवलेले व्रत. संगणकाच्या प्रोसेसरमध्ये आठ कोअर होते. आठ कुशल कारागीरच म्हणावेत. जुन्या रीतीने लिहिलेला गेम त्यांपैकी एकालाच राबवतो आणि इतरांना बसवून ठेवतो. तिने गर्दीचे लहान लहान जथे केले होते. जो कोअर मोकळा होईल त्याने पुढचा जथा उचलावा, अशी व्यवस्था लावली होती. दोघांचे हात एकाच नोंदीवर पडू नयेत म्हणून नियम घातला होता: वाचायची ती मागच्या क्षणाची स्थिती, लिहायची ती केवळ आपल्या जथ्याची. अशा रचनेला एक शांत सौंदर्य असते, आणि तिने ते श्रद्धेने उभे केले होते.

तिने काढलेल्या दाढेच्या जागचा कापसाचा बोळा दाबत गेम सुरू केला आणि शेजारी आठ कोअरांचा आलेख उघडला. गलबत लागले. एक रेघ उठली की उरलेल्या बसत. ती बसली की दुसरी उठे. ते कारागीर दमलेले नव्हते, थांबलेले होते. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. गर्दीच्या सर्व नोंदींच्या तोंडाशी कोणीतरी एकच लॉक बसवले होते. ज्याच्या हाती किल्ली तो कोअर आत, बाकीचे बाहेर. असे कुलूप लावणारा त्या कार्यालयात एकच होता: साखरेच्या डब्याचीही किल्ली खिशात बाळगणारा.

ती दादाच्या खोलीत शिरली. दार मुद्दाम उघडे ठेवले.

"लॉक तू लावलंस?"

"हळू बोल. बाहेर लोक आहेत."

"सकाळीही होते."

दादाने चष्मा काढून पुसला. "मागे दोन कोअरनी एकाच दाराची नोंद बदलली आणि गेम पाहुण्यांसमोर कोसळला, विसरलीस? तोंड कुणाला दाखवावं लागलं? मलाच."

"त्यानंतरच मी सगळी रचना बदलली. तुला बसवून समजावलं. तू मान डोलवत होतास."

"डोलवत होतो. भरवसा बसला नव्हता."

"मग तसं म्हणायचं. गुपचूप कुलूप ठोकलंस, बाकीच्यांना उंबऱ्यावर ताटकळत ठेवलंस, आणि वर मलाच काम जमत नाही म्हणून सांगितलंस."

"गेम बंद तर पडला नाही ना? थोडा अडतो, एवढंच."

"तिकडे रंगोबा माझी माणसं पुसतोय. एवढंच?"

दादाने आवाज चढवला. "भावावर खेकसून आले, असं सांग आता घरी आईला."

"सांगेन. लहानपणी खेळण्यांचं कपाट बंद करून किल्ली लपवायचा, तो अजून तेच करतो, हेही सांगेन." तिने कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला. "काढ ते. तुझ्या हाताने."

त्याने कीबोर्ड जवळ ओढला. मग त्याने लॉक काढले आणि गेम पुन्हा सुरू केला. गलबत लागले. आठही रेघा एकदम उठल्या आणि उभ्याच राहिल्या. उरलेली माणसे धक्क्यावर लोटली. पुसलेलीही तिने चाचणीपुरती जुन्या प्रतीतून परत बोलावली, तरी चित्र कुठे अडखळले नाही. त्याने पुन्हा चालवून पाहिले, मग आणखी एकदा. दोष काही निघाला नाही.

दादा हसतच बाहेर आला. "रंगोबा, गर्दी राहू दे. बिघाड सापडला आम्हाला."

"आम्हाला?" धाकटी त्याच्या पाठीशी येऊन उभी राहिली. तिचा स्वर आता हळू होता, आणि म्हणूनच सगळ्यांनी माना वर केल्या. "बिघाड नव्हता, दादा. काय होतं ते सांग. सकाळी जेवढे होते तेवढे सगळे इथेच आहेत."

दादाचा हात खिशातल्या किल्ल्यांकडे गेला.

"लॉक मी लावलं होतं," तो म्हणाला. "तिची वाटणी बरोबर होती."

"मग मासेवाली आणू परत?" रंगोबाने विचारले.

"आण."

"आणि हमाल?"

"सगळे आण रे बाबा."

धाकटी आपल्या जागेवर जाऊन बसली. राग उतरला नव्हता आणि दाढेची जागाही ठणकू लागली होती. थोड्या वेळाने दादा तिच्या मेजाशी घुटमळला. "चहा करायला सांगू?"

"माझं तोंड सुजलंय. बाकीच्यांना दे," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "आणि साखरेची किल्ली इथे ठेवून जा."