धुरपताचा रंग

साधना आठ वर्षांची असताना टीव्हीवर दिवाळीचा खास कार्यक्रम लागला होता, बाहुल्यांचा. त्या बाहुल्या तिच्या वडिलांनी, आंधळगावच्या पुंडलिकराव सुतारांनी, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून कोरल्या होत्या. धान कापणारी धुरपता सगळ्यांत लाडकी. पाटलालाही तोंडावर सुनवायची, तेही तिकडच्या भातपट्ट्यातल्या झाडीबोलीत. गावातल्या एकुलत्या टीव्हीसमोर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती.

यंदा साधनाने पेटी उघडली, तर वाळवीने दोन बाहुल्यांचे पाय खाल्लेले आणि धुरपताचा जबडा निखळलेला. पुंडलिकरावांचे हात आता थरथरत. ते खाटेवरून सांगत, साधना शिवणकाम आटोपून तासत बसे. महिना गेला. जबड्याला नवी चामडी पट्टी लावली, कोसा रेशमाच्या तुकड्याचं लुगडं नेसवलं, गेरू आणि काजळी सरसात कालवून जुना सावळा रंग दिला.

नागपूरच्या दिवाळी मेळ्याचा आयोजक भूपेंद्र बाहुल्या बघायला आला.

"ताई, काम एक नंबर! फक्त हिचा चेहरा जरा उजळ करा. आणि आवाज रेकॉर्ड करून लावू, शुद्ध मराठीत."

"काहून? हिची बोली समजत नाही?"

"समजते हो. पण लोक हसतात."

"हसवाले तं बनवली बाबानं तिले."

"एकच हात मारायचा आहे रंगाचा," म्हणत त्याने धुरपताला उचलायला हात पुढे केला. साधनाने बाहुली स्वतःकडे ओढून घेतली.

"दिवसभर उन्हात धानाच्या बांधीत उभी राहणारी बाई गोरी कशी राहीन? माह्या मायचा रंग हाये हा. दुसरा नाही लागत."

भूपेंद्र खाटेकडे वळला. "काका, तुम्ही तरी समजवा. अख्खं नागपूर बघेल."

पुंडलिकराव खाटेवर उठून बसले. "तेव्हा टीव्हीवालेबी असंच म्हणले होते. मी मानलो. शूटिंगच्या दिवशी पांढरा हात मारला. टीव्ही काळा-पांढरा, गावाले कळलंच नाही. घरी आणून खरवडला, पण ते मनातून गेलं नाही. आता साधनाले विचार, मले नको."

साधनाला हे आजवर माहीत नव्हतं. नागपूरने आपलं काम बघावं, अशी तिची फार इच्छा होती. तरी ती उठली आणि भूपेंद्रच्या चपला दाराकडे सरळ करून ठेवल्या.

भाऊबीजेनंतर गावात मंडईची जत्रा भरली. भर दुपारी साधनाने दोन बांबूंना साडीचा पडदा बांधला. चार लोकांत ती कधी बोलली नव्हती. तिने पडद्यामागे बसून दोरे हातात घेतले. मग धुरपताचा जबडा उघडला.

"पाटील, बांधी तुमची, पण कंबर माही हाये!"

बाया खळखळून हसल्या. खेळ रंगात आला आणि दोरा तुटला. धुरपताचा एक हात लोंबू लागला. साधनाने तोच हात झुलवला आणि धुरपता ओरडली, "हात गेला तं गेला, तोंड तं हाये ना!"

टाळ्या थांबेनात. लोकांनी लगेच दुसरा खेळ मागितला. पुढच्या खुर्चीवरून पुंडलिकराव म्हणाले, "साधना, आता दोरा दुहेरी घे."