भाताच्या गालावरची खळी

मी भाताची मूद पाडायची वाटी बोलते आहे. ॲल्युमिनियमची, जाड काठाची, तळहातात नीट बसणारी. आधीच सांगून टाकते, मला माझीच किळस येते. ऐकायचं तर पुढे ऐका.

इलोइलो शहराच्या बाजारामागे जीपनी, म्हणजे माणसं वाहणाऱ्या लांबट जीपगाड्या, थांबतात, तिथे पत्र्याखाली चोलेंगची खानावळ आहे. थोरल्या बाईला आमच्याकडे मनांग म्हणतात, पुरुषाला नोंग. मनांग चोलेंगने मला भांड्यांच्या ढिगातून उचललं तेव्हा माझ्यात तांदूळ भरून बघितला, हलवून पुन्हा बघितला. "ही माझा शब्द राखील," म्हणाली. त्या दिवसापासून एक मूद म्हणजे मी. फळ्यावर खडूने लिहिलेलं असायचं: मूद बारा पेसो, रस्सा फुकट.

नोंग पोन्सो हा आमचा रोजचा गिऱ्हाईक. पहाटेपासून जीपनी हाकायचा आणि अकराला येऊन दोन मुदी खायचा, सुकटीबरोबर. दुसरी मूद पाडताना मनांगचा हात माझ्या पाठीवर जरा जोरात पडायचा, दाणा अडकून राहू नये म्हणून. त्या थापेचा मला अभिमान होता.

मग तांदळाचा भाव चढला. व्यापारी म्हणाले, जहाज आलं नाही. जहाज आलं, तर म्हणाले, पाऊस झाला. गोदामं छतापर्यंत भरलेली होती. ती पोती वाहणारे हमालच आमच्या बाकावर बसून हे सांगायचे आणि फुकटचा रस्सा दोनदा मागायचे. समोरच्या दुकानातला पाव लिंबाएवढा झाला. शेवयांच्या पुड्यात निम्मी हवा, मासळीच्या डब्यात नुसतं टोमॅटोचं पाणी. किंमत मात्र जुनीच, आणि वर "भाव वाढवला नाही" अशी पाटी. चोरी करायची आणि उपकार केल्याचा आव आणायचा. मी फळीवरून हे सगळं बघायचे.

मनांग तशी नाही, असं मला वाटायचं.

शेजारच्या खानावळीने मूद पंधराला केली आणि आठवड्यात तिचे बाक रिकामे पडले. मनांगने ते पाहिलं. एका दुपारी तिने मला दगडावर पालथं घातलं, लसूण ठेचायचा बत्ता उचलला आणि माझ्या तळावर तीन घाव घातले. माझं पोट आत गेलं. बाहेरून काठ तोच, घेर तोच. आत तीन घास कमी.

पण मूद लपवाछपवी करत नाही. ताटात पालथी पाडली की वर मधोमध खड्डा दिसायचा. मनांग त्यात तळलेल्या लसणाची चिमूट टाकू लागली.

पोन्सो तेव्हा महागाईने एकाच मुदीवर आला होता. त्याने ताट पाहिलं आणि खो खो हसला. "मनांग, तुझा भात लाजतोय की काय? गालाला खळी पडलीय!"

"तुम्हाला बघून पडली असेल, नोंग!"

सगळा बाक हसला. 

दोन आठवड्यांनी पोन्सो ताटावर बसला तो तोंड पाडून. "हल्ली तीन वाजले की पोटात आग पडते. हातपाय कापतात. काल पुलावर डोळ्यांपुढे अंधारी आली. मागे पंधरा माणसं बसलेली!"

"जंत झालेत तुला," बाजूचा ड्रायव्हर म्हणाला. "पन्नाशीत जंत! पोर होणार आहेस परत."

पोन्सोने जंताच्या गोळ्या घेतल्या. त्या पैशांपायी त्या आठवड्यात सुकटही सोडली. गोळी रश्शाबरोबर गिळायचा. मनांग त्याच्याकडे पाठ करून मूग ढवळत राहायची, शिजून झालेले मूग.

शुक्रवारी भाव तपासणारी समिती आली. एक मॅडम, चार साहेब आणि एक फोटोवाला. फळ्यावर बारा बघून मॅडमना भरून आलं. दारावर "आदर्श खानावळ" असा कागद चिकटवला. फोटोसाठी त्यांनी मला उंच धरलं आणि त्यांचा अंगठा बरोबर माझ्या तळाच्या खड्ड्यात बसला. आपला अंगठा कुठे आहे, हे बाईंनी पाहिलंसुद्धा नाही! भाव तपासायला आलेली माणसं, वाटी हातात, आणि नजर कॅमेऱ्यात.

"काका, तुम्ही समाधानी ना?" मॅडमनी पोन्सोला विचारलं.

"भाव तोच आहे, मॅडम, मूदही तीच आहे," तो गरिबासारखा म्हणाला. "माझंच पोट बिघडलंय. गोळ्या चालू आहेत."

साहेब हसले. जाताना चौघांनी फुकटचा रस्सा प्यायला. भात कोणी मागितला नाही.

मनांग हसली नाही. त्यांची गाडी वळली, तसा तिने बत्ता घेतला आणि मला आतून ठोकायला लागली. चौथ्या घावाला तळ बाहेर आला आणि तडकला. तिने फळा पुसला. लिहिलं: मूद पंधरा.

दुसऱ्या दिवशी अकराला पोन्सो आला आणि फळा बघून भडकला. "फोटोची शाई वाळली नाही आणि भाव वाढवलास? थांब, त्या मॅडमलाच बोलावतो!"

मनांगने मला त्याच्या हातात दिलं. "हा तळ तीन आठवडे आत होता, नोंग. मी ठोकला होता."

 पोन्सोने माझ्या आत बोट फिरवलं. घावांच्या खुणांवर ते थांबलं. त्याला खळी आठवली असणार. खिशातून त्याने गोळ्यांचं पाकीट काढलं आणि माझ्यात टाकलं.

"म्हणजे माझा जंत ही होती," म्हणाला. "घाल हिलाच गोळ्या." आणि न जेवता गेला.

दोन दिवस त्याची जीपनी आमच्यासमोर थांबली नाही. मनांग प्रत्येक हॉर्नला मान वर करायची. तिसऱ्या दिवशी तो आला, बाकाच्या टोकाला बसला आणि फळ्याकडे बघत म्हणाला, "एक मूद. खळी नको."

आता मुदी नवी वाटी पाडते. मी मोरीजवळ खिळ्याला लटकते, कोंबड्यांना कोंडा टाकायला. तड्यातून निम्मा गळतो, पण कोंबड्या गळलेलाही वेचतात. दारावरचा कागद मनांगने नखांनी खरवडून काढला. डिंकाचा डाग अजून आहे.

भाव वाढवायचा तर फळ्यावर वाढवा आणि वर शिव्या खा. फोटो काढायचे तर कुलूपबंद गोदामांसमोर काढा. आणि तुम्ही जेवणाऱ्यांनो, ताटातल्या मुदीला खळी दिसली तर हसू नका. वाटी मागून घ्या आणि आत बोट फिरवा.