तिसरी मूठ

मोईन सरांनी मूठभर माती उचलली आणि थोरल्या भावाच्या, रऊफच्या कबरीवर अशी आपटली की शेजारचे दोघे मागे सरकले. माती देताना म्हणायची आयत ते पुटपुटले, हिच्यातूनच तुम्हाला घडवलं. दुसरी मूठही तशीच. हिच्यातच तुम्हाला परत पाठवू. तिसरी टाकताना म्हणायचं असतं, हिच्यातूनच तुम्हाला पुन्हा उठवू. सरांनी हात झटकले. कशाला उठायला हवा हा? पडू दे इथेच.

चार वर्षांपूर्वी अम्मा गेली तेव्हा सर पुण्यात व्याख्यान देत होते. विषय, कुराणातला माणूस. माणूस मुळातच घाईचा, वर भांडखोर, आणि डोंगरांनी नाकारलेली जबाबदारी या अडाण्यानेच खांद्यावर घेतली, असं ते रंगून सांगत होते. फोन आला तसे तडक निघाले. ‘मी येतो, थांब,’ एवढंच भावाला म्हणाले. भाऊ थांबला नाही. मय्यत ताटकळत ठेवू नये म्हणे. सर गावी, हिंगणीला पोचले तेव्हा अम्माच्या कबरीवर पाणी शिंपडूनही झालं होतं. आईला मूठभर माती द्यायची राहिली ती राहिलीच.

त्यानंतर त्यांनी रऊफचं तोंड पाहिलं नाही, फोन उचलला नाही. वर्गात ‘घाई’ हा शब्द आला की त्यांचा आवाज चढायचा, आणि पोरांना वाटायचं, सर किती तळमळीने शिकवतात.

लोक कबरस्तानच्या फाटकाकडे निघाले. रऊफचा मुलगा तौसीफ जवळ आला.

“चाचा, तिसरी मूठ राह्यली तुमची.”

“नाई टाकत मी.”

“अब्बांनी बी नोती टाकली, दादीच्या येळेस.”

“काऊन?”

“म्हणे, ते मोईनची हाय. तो येईन अन् टाकीन.”

“मंग मले सांगतलं काऊन नाई?” सर एवढ्या मोठ्याने ओरडले की फाटकातली माणसं थबकली.

“तुमाले फोन करू करू थकले ना ते.”

अम्माची कबर दोन पावलांवरच होती, गवताने झाकलेली. सरांनी माती उचलली, तिथे नेली आणि हळूच ठेवली. मग भावाच्या कबरीपाशी परत येऊन आणखी एक मूठ घेतली. ही मूठ त्यांनी आधीच्या दोन्हींपेक्षा जोरात टाकली.

“उठजो,” ते म्हणाले. “मले भांडाचं हाय तुह्यासंग.”