तांदळातले देव

कुणाचं वाक्य पुरतं ऐकून घेणं मोहनाबाईंच्या स्वभावातच नव्हतं. शाळेत होत्या तोवर मुलं या स्वभावाला टरकून असत. पण निवृत्तीनंतर तळ्याकाठच्या सोसायटीत पूर शिरला, तेव्हा साऱ्यांनी त्याचंच कौतुक केलं. विश्वामित्री नदी फुगली, तळं रस्त्यावर आलं आणि बाकीचे फोनवर हळहळत बसले असताना मोहनाबाईंनी, पाणी न पोचलेल्या वाडीतल्या आपल्या घरून, खिचडीची पातेली आणि चादरी रवानाही केल्या. सोसायटीतून होडीने बाहेर काढलेल्या रखमाबाईंना तर त्यांनी थेट आपल्याच घरी आणलं.

रखमाबाई त्यांच्या आईच्या मैत्रीण. जुन्या संस्थानी शिलेदारांच्या घरातल्या, आता एकट्या. यजमान प्रतापसिंहराव जाऊन बरीच वर्षं झाली होती.

पाणी ओसरलं आणि साफसफाई निघाली. रखमाबाई पदर खोचून तयार झाल्या.

"काकी, तुम्ही घरीच थांबा," मोहनाबाई म्हणाल्या. "चिखलात पाय घसरला म्हणजे आणखी एक उद्योग."

"वांधा नाही गं, नुसती दारात बसेन. तो तांदळाचा डबा..."

"तांदळाचं काय घेऊन बसलात! नवे भरून देते की."

रखमाबाईंनी खोचलेला पदर सोडला. ज्याच्या घरी जेवतोय त्याच्याशी माणूस वाद तरी किती घालणार?

मोहनाबाईंनी दिवसभरात रखमाबाईंचं घर धुऊन काढलं. गाद्या गेल्या, कपाट गेलं. पुराचं पाणी लागलेलं धान्य ठेवायचं नाही, असा त्यांचाच दंडक होता. शेजारच्या प्रवीणभाईंनी स्वयंपाकघरातून तांदळाचा मोठा डबा ओढत आणला. "मोहनाबेन, आ चोखानुं शुं करवुं?" झाकण उघडताच असा भपकारा आला, की मोहनाबाईंनी नाकाला पदर लावून नुसता हात झटकला. डबा कचऱ्याच्या ट्रॅक्टरवर चढला.

संध्याकाळी चहा घेता घेता त्यांनी सगळा पराक्रम सांगितला. रखमाबाई मान डोलवत ऐकत होत्या.

"आणि तांदळाचा डबा?"

"फेकला. पार कुजला होता."

रखमाबाईंनी कप खाली ठेवला. "त्यात देव होते, मोहना."

घर बंद करून जायचं तर देव तांदळात ठेवायचे, म्हणजे पूजा चुकत नाही, हे मोहनाबाईंना का ठाऊक नव्हतं? जेजुरीला निघताना त्यांची स्वतःची आई हेच करायची. रखमाबाईंच्या डब्यात खंडोबाचा टाक होता, भवानीचा टाक आणि प्रतापसिंहरावांचाही. चांदीच्या पत्र्यावर उठवलेली ती अंगठ्याएवढी मूर्ती नवरा गेल्यावर रखमाबाईंनी सोनाराकडे समोर बसून घडवून घेतली होती. सारं कळत असून त्यांनी हात झटकला होता. सकाळी ते एक वाक्य पुरं होऊ दिलं असतं तर!

रिक्षा करून दोघी कचरा टाकतात त्या मैदानावर गेल्या. सगळ्या शहराच्या गाद्या आणि धान्य तिथे एकत्र कुजत होतं. मोहनाबाई काठीने उपसत राहिल्या, मग हातांनी. अंधार पडायला लागला तसं रखमाबाईंनीच त्यांना दंडाला धरून उठवलं.

"चल. तू चांगल्यासाठीच केलंस."

त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मोहनाबाईंना वाटलं. रात्रभर त्यांना ते वाक्य टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीतल्याच शाहांच्या घराची पाळी होती. शाह मंडळी किल्ली देऊन सुरतेला मुलाकडे गेली होती. रखमाबाईंनी कुणाला विचारलं नाही, चपला घातल्या आणि मोहनाबाईंच्या बरोबर निघाल्या. शाहांच्या उंबऱ्यापाशी त्यांनी पाट मागून घेतला आणि बाहेर जाणारा प्रत्येक डबा आधी आपल्यासमोर ठेवायला सांगितलं. तांदूळ आले, डाळ आली, फुगलेले गहू आले. वासाने प्रवीणभाईसुद्धा लांब सरकले. रखमाबाई मात्र बाही वर करून एकेक डबा तळापर्यंत चाचपत होत्या.

मोहनाबाईंना ते बघवेना. त्या जवळ जाऊन बसल्या. "काकी, नका ना. शाहांच्यात देव तांदळात ठेवत नाहीत."

"ठाऊक आहे," रखमाबाई म्हणाल्या. "पण काय ठेवतात, ते आपल्याला कुठे ठाऊक आहे?"

आणि त्यांनी पुढचा डबा ओढून घेतला.